वीस नंबरची ओळ

हे मी अजून कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, मंडळातल्या कुणाजवळ तर नाहीच. बोलण्यासारखं एवढं मोठं घडलं तरी काय — असं स्वतःलाच विचारायचं आणि गप्प बसायचं, हे मला चांगलं जमलं आहे. कुणी मेलं नाही. कुणाचं घर गेलं नाही, निदान माझ्या हातून तरी नाही. एका यंत्रात एक ओळ होती, ती मी काढली. मग ती अजून डोक्यातून का जात नाही?

मी यादीची बाई आहे. घरी किराण्याची यादी, दारामागे औषधांची यादी, लग्नकार्यात आहेराची यादी — सगळे माझ्याकडेच देतात. चुकत नाही म्हणून देतात. परभणीत मी एका शाळेत कारकून होते आणि रविवारी संगणक मंडळाची चिटणीस. संगणक तेव्हा आमच्याकडे नवाच होता. बँकेतले दोघं-तिघं, धरणाच्या कचेरीतले काही अभियंते, कॉलेजातले प्राध्यापक, गावोगावचे मास्तर — ज्याला म्हणून त्याचा नाद लागला, तो मंडळात आला. काम साधं होतं. कुणी प्रोग्राम लिहिला की तो आतल्या सगळ्या ओळींसकट मंडळाला द्यायचा. मंडळ त्याच्या फ्लॉप्या करून सगळ्या सभासदांना टपालानं पाठवायचं. ज्याला जमेल त्यानं तो सुधारून परत पाठवायचा. कुलूप कशालाच नाही.

हे सगळं आम्ही तिघं चालवायचो. अण्णा अध्यक्ष — निवृत्त अभियंते, पाथरीकडचे मोठे शेतकरी. वरच्या मजल्यावरची खोली आणि यंत्र दोन्ही त्यांचं. रझाकभाई फ्लॉप्यांची नक्कल काढायचे. एरवी रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आणि मी. माझ्याकडे सभासदांची कार्डं, पत्ते, टपाल आणि नियमांची वही.

त्या वहीतला चौथा नियम माझ्याच अक्षरात आहे. प्रोग्रामच्या सुरुवातीच्या ओळींत करणाऱ्याचं नाव आणि गाव लिहावं. दुरुस्ती करणाऱ्यानं आपलं नाव त्याखाली लिहावं. आधीचं नाव कुणीही काढू नये.

या ओळी यंत्र वाचत नाही. ओलांडून पुढं जातं. त्या फक्त माणसांसाठी असतात. म्हणजे एखादी काढली तरी काही अडत नाही, प्रोग्राम चालतच राहतो — हे आधीच सांगून ठेवते.

खंदारे सर बोरीच्या शाळेत गणित शिकवायचे. प्रल्हाद खंदारे. दर रविवारी सकाळच्या एसटीनं यायचे, कारण त्यांच्या गावात यंत्र नव्हतं. हातात चौकटीच्या कागदाची एक जाड वही. त्या वहीत ते मराठी अक्षरं काढायचे — एकेक चौकोन पेन्सिलीनं काळा करून. काळा चौकोन म्हणजे ठिपका, पांढरा म्हणजे कोरी जागा. मग त्या ठिपक्यांचे आकडे करायचे आणि आकडे यंत्रात भरायचे. आमचा प्रिंटर तोवर इंग्रजीशिवाय काही छापत नव्हता. त्याच्याकडून मराठी छापून घ्यायचं, एवढाच त्यांचा नाद. जवळजवळ दोन वर्षं.

“ताई, आज उभंच यावं लागलं,” एकदा घाम पुसत म्हणाले. “पण वही बसून आली बघा. एका आजीच्या मांडीवर.”

रझाकभाई म्हणाले, “आजीने क्या पूछा, सर?”

“म्हणाली, एवढं काळं कशाला करायलाव कागद? म्हटलं, ‘श्र’ काढायलोय. म्हणाली, मंग काढा, पर माझ्या लुगड्याला लागू देऊ नका.”

श्र त्यांना लय छळत होता. ‘सहावी ब पेक्षा हट्टी हाय’ म्हणायचे. ज्या रविवारी तो कागदावर नीट उमटला, तो कागद त्यांनी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मी तिथंच होते. पाकिटांवर पत्ते लिहीत होते. हे मी पाहिलं आहे — हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

प्रोग्राममधल्या ओळींना दहा, वीस, तीस असे आकडे असायचे; दहा नंबरच्या ओळीवर प्रोग्रामचं नाव होतं. वीस नंबरच्या ओळीवर त्यांचं — प्रल्हाद खंदारे, बोरी, तालुका जिंतूर. इंग्रजी अक्षरांत. मराठी अक्षरं यंत्राला अजून कुठं माहीत होती. ती तर हाच माणूस घेऊन येत होता.

आता ते दिवस. विद्यापीठाचं नाव बदलणार, बदलणार, असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि त्या हिवाळ्यात ते खरंच होणार अशी हवा झाली. शाळेत शिक्षकांच्या खोलीत कुणी आत आलं की बोलणं थांबायचं. कोण आत आलं त्यावर ते पुन्हा सुरू व्हायचं किंवा नाही. माझं आडनाव ऐकून कधी कुणाचं बोलणं थांबलं नाही. याच्याकडे मी तेव्हा कधी लक्ष दिलं नाही. द्यावं लागत नव्हतं.

त्याच सुमारास पाथरीकडच्या एका शिक्षणसंस्थेचे मुख्याध्यापक अण्णांच्या ओळखीनं खोलीवर आले. त्यांच्या सगळ्या शाळांचे निकाल मराठीत छापायचे होते. मी प्रिंटर चालवून दाखवला. कागद बाहेर आला तसा त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, “वा. कुणी केलंय?”

“आमच्या एका सरांनी.”

“कोण सर? आडनाव?”

इतकंच विचारलं त्यांनी. साधा प्रश्न होता की नव्हता? मला आजही सांगता येत नाही. मी मात्र म्हणाले, “मंडळानंच केलंय. सगळ्यांनी मिळून.”

असं म्हणायला मला कुणी शिकवलं होतं? कुणी नाही. ते गेल्यावर अण्णा फक्त म्हणाले, “बाई, मोठी संस्था आहे. नीट पाठवा.” नीट — एवढाच शब्द. बाकीचा अर्थ मी घातला. पुढं कितीदा तरी मनात मी तो अण्णांच्या माथी मारून पाहिला. बसत नाही. अण्णा तसं म्हणालेच नव्हते.

पुढचे दोन रविवार बोरीची एसटी आली नाही. गाड्या बंद होत्या. सर आले नाहीत. त्यांच्या वस्तीवर काय चाललं होतं ते मी विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

एका बुधवारी शाळा सुटल्यावर मी खोलीची किल्ली घेतली आणि यंत्र सुरू केलं. ओळ काढायला फार काही करावं लागत नाही. ओळीचा आकडा टाकायचा आणि पुढं काहीही न लिहिता बटण दाबायचं. यंत्र ‘नक्की का?’ असं विचारत नाही. मी वीस टाकले. बटण दाबलं. ओळ गेली.

काय वाटलं, असं विचाराल. काही नाही. डोक्यात पुढची कामं होती — फ्लॉप्या, पाकिटं, पोस्टाची वेळ.

दुसऱ्या दिवशी रझाकभाई नक्कल काढायला बसले. पडद्याकडे बघून म्हणाले, “बाई, दस के बाद सीधा तीस? बीस किधर गई?”

मी रोज याद्या करणारी. आणि मधला आकडा उडाला की तो दिसतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी उठले, त्यांच्या खांद्यावरून वाकून वीस नंबरवर लिहिलं — मंडळाचे सभासद. यादी पुन्हा सलग दिसायला लागली. रझाकभाईंनी मान वर केली नाही. साठ-सत्तर फ्लॉप्या काढल्या. त्या दिवसापासून ते मला बाई म्हणेनासे झाले. मॅडम म्हणायला लागले.

संक्रांत झाली. नामांतर झालं. गाड्या हळूहळू सुरू झाल्या आणि एका रविवारी खंदारे सर आले. जरा वाळले होते. खिशात कागदाच्या पुडीत तिळगूळ होता, तो आम्हा तिघांना दिला. मग यंत्रासमोर बसले. थोड्या वेळानं, अगदी हळू, म्हणाले, “ताई, ह्यात माझी ओळ दिसंना.”

तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा सगळं परत जागेवर घालता आलं असतं — सभासदांना एक पत्र, एक नवी फ्लॉपी. मी म्हणाले, “नक्कल काढताना काहीतरी गडबड झाली असेल सर. पुढच्या खेपेला दुरुस्त करू.”

नक्कल कोण काढायचं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. रझाकभाई चार हातांवर बसलेले होते. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. रझाकभाईंनी माझ्याकडे. मग म्हणाले, “हां सर. हुई होंगी.”

पुढची खेप निघालीच नाही. मी काढली नाही. कामं होती.

पावसाळ्याच्या तोंडावर सरांचं पत्र आलं. जिल्ह्यातल्या एका प्रशिक्षण संस्थेत संगणक शिकवायची जागा निघाली होती. पदवी त्या विषयाची नव्हती; पण स्वतः केलेलं काम दाखवलं तर विचार करू, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. फ्लॉपीवर तर मंडळाचं नाव. म्हणून मंडळानं एक दाखला द्यावा — हे काम माझं आहे, एवढंच. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, तुम्ही स्वतः पाहिलेलं असल्यामुळे अडचण येणार नाही.

दाखले चिटणीसच द्यायची. म्हणजे मीच. अण्णांना विचारायचीसुद्धा गरज नव्हती.

खरं लिहिलं तर साठ-सत्तर घरांत गेलेली ती ओळ खोटी ठरते. कुणी काढली, का काढली, असं कुणीतरी विचारणार. एवढाच हिशेब होता. दुसरा कुठलाही नाही — जातीचा म्हणाल तर तो आधीच होऊन गेला होता, त्या बुधवारी. यावेळी मी फक्त स्वतःला वाचवत होते. मंडळाच्या छापील कागदावर लिहिलं: सदर प्रोग्रामच्या निर्मितीत श्री. खंदारे यांचा सहभाग होता. सही. शिक्का.

सर रविवारी न्यायला आले. उभ्या उभ्या वाचला.

“सहभाग,” म्हणाले.

मी म्हणाले, “मंडळाचा नियम तसाच आहे सर.”

ज्या वहीत बरोबर त्याच्या उलट नियम माझ्याच अक्षरात लिहिलेला होता, ती टेबलावर होती. माझ्या कोपराखाली.

सरांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, “ताई, श्र कागदावर आला तवा तुमी इथंच होताव.”

“हो,” मी म्हणाले. एवढं मात्र खरं बोलले. आणि पुढं काही नाही. तुम्ही असता तर बोलला असता का? — नाही, हा प्रश्न मला विचारता येणार नाही. खोडते.

त्यांनी दाखल्याची घडी घातली, खिशात ठेवली. दारात पोचले आणि परत वळले. मला वाटलं, आता बोलतील. पिशवीतून त्यांनी चौकटीची वही काढली आणि टेबलावर ठेवली. “ही राहू द्या इथं. कुणाला अक्षर सुधारायचं असलं तर लागंल.”

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. सर बोरीलाच गणित शिकवत राहिले. मंडळात पुन्हा आले नाहीत. पत्रही नाही. पाथरीच्या त्या शाळांचे निकाल मात्र बरीच वर्षं त्यांच्याच अक्षरांत छापून निघत होते; माझ्या भाचीची गुणपत्रिका मी हातात धरली आहे. कुमारी श्रद्धा. श्र अगदी सुबक.

पुढं मंडळ बंद पडलं. सामानाची यादी मीच केली — यंत्र अण्णांकडे, फ्लॉप्या रझाकभाईंकडे. चौकटीची वही, एक नग. ती माझ्याकडे आली. यादीत ‘कुणाकडून’ असा एक रकाना होता. बाकी सगळे रकाने भरलेले आहेत. वहीपुढचा कोरा आहे.

सभासदांची कार्डंही माझ्याकडेच आहेत. बहुतेकांवरचे पत्ते आता चुकीचे असतील. ते मी बघत नाही. सरांचं कार्ड तेवढं बघते. ते बोरीहून जिंतूरला गेले तेव्हा शाळेतल्या एका बाईंकडून पत्ता घेऊन मी जुना खोडला, नवा लिहिला. निवृत्त होऊन मुलाकडे परभणीत आले तेव्हा पुन्हा. आमच्या घरापासून चालत वीसेक मिनिटं.

त्यांचा पत्ता माझ्याकडे एक दिवसही चुकीचा नव्हता. मी त्यावर कधी काही पाठवलेलं नाही.