सोन्याच्या दोन विहिरी

विहीर खणली की काठावर ढीग साठतोच. पाणी लागो न लागो, ढीग लागतो. आमच्या टोळीच्या किश्श्यांचंही तसंच. कुणी मुद्दाम साठवले नाहीत, आणि आता उचलायला गेलं तर हात भरून येतो.

आम्ही पाथर्डीकडचे विहिरी खणणारे. यारीवर, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनवर, नाना. खाली खडक फोडायला संपत. बकेट भरायला मी, सातवीत शाळा सोडलेला. आणि टोळीचा मुकादम माझा मोठा भाऊ, दादा. तेव्हा आम्ही चौघं होतो.

*

खालून वर आवाज नीट जात नाही, म्हणून बकेटीवर हातोडा मारायचा. दोन ठोके म्हणजे दगड. एक ठोका म्हणजे माणूस. एक ठोका पडला की नाना यारी इतकी हळू ओढत की दोराचा पीळसुद्धा मोजता यावा.

एकदा संपतला खाली बसून तंबाखू खायची होती. त्यानं दगड भरले आणि एकच ठोका दिला. नानांनी सावकाश, जपून बकेट वर आणली. आत दगड.

नाना दगडांना म्हणाले, "या. दमलात आसाल, पाय धुऊन घ्या."

मग खाली वाकून संपतला ओरडले, "परत आसं करू नगं. एक ठोका माणसाचा हाय."

संध्याकाळी सगळ्यांत शेवटी दादा वर यायचा. एक ठोका पडला की नाना म्हणायचे, "हळू. माणूस हाय." लिव्हर त्यांच्याच हातात असायचा. स्वतःलाच सांगायचे. काठाशी आल्यावर संपत हात द्यायचा.

*

पावसाळ्यात आमचं काम बंद असतं. यंदा सुट्टीला कुठंतरी लांब जायचं, असं दादानं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मोबाईलवर दोन गावं दाखवली. दोन्ही सोन्याची. सोनं सापडलं म्हणून एके काळी तिथं माणसांची झुंबड उडालेली.

एक कोलारकडचं. तिथं खाणी पार पाताळात गेल्या, सोनंही पुष्कळ निघालं. आता त्या बंद आहेत आणि आत पाणी भरलंय.

"एवढं खनलं आन् शेवटी पानीच लागलं?" नाना म्हणाले. "मग ती आपल्यातलीच मान्सं."

दुसरं पंडलूर, नीलगिरीच्या डोंगरात. तिथं साहेब लोकांनी डोंगर पोखरले, हाती फारसं काही लागलं नाही, आणि निघून गेले. आता चहाचे मळे आहेत.

"म्हंजे कोरडी गेली," संपत म्हणाला. "सोनंच बघायचं आसंल तर नगरच्या सराफ बाजारात चला की. यष्टीनं दुपारपातूर माघारी."

मी विचारलं, "दादा, यातलं कोणतं?"

"ह्या विहिरीला पानी लागलं की सांगतो."

*

दादा विहिरीच्या तळाशी पाठ टेकून, डोळे अर्धे मिटून बोलायचा. "बाळ्या, तितं धुकं कसं उतरत आसंल माहितीय? भरल्या बकेटीवानी. हळू."

"तू कधी पाहिलंस?"

"हितनं आभाळ ताटाएवढं दिसतं. त्यात काय बी बघता येतं."

मी वर पाहिलं. मला घारच दिसली.

*

मार्चमध्ये तिसगावच्या बाजारातून येताना दादाची मोटरसायकल घसरली. एवढंच लिहितो.

चौदाव्या दिवशी मी कुणाला न विचारता विहिरीत उतरलो. नाना येऊन यारीवर बसले. मे महिन्यात खडकाच्या फटीतून पाणी आलं. घोटाभर झालं. मालकानं नारळ फोडला. मी त्या पाण्याला म्हणालो, "सांग आता." संपत दुसरीकडे बघायला लागला.

*

ठरलेल्या सुट्टीला जायचंच होतं, पण दोन्हींतल्या कोणत्या गावी दादा गेला असता, हे कळल्याशिवाय मी निघणार नव्हतो. तेव्हा नानांनी धोंडीभाऊ पाणाड्याला बोलावलं. तो तळहातावर आडवा नारळ घेऊन रानात फिरतो. नारळ उभा राहील तिथं पाणी.

संपतनं शेजारच्या रानात चुन्याच्या फक्कीनं दोन गोल आखले, नव्या विहिरीला आखतो तसे. एक कोलार, एक पंडलूर. धोंडीभाऊ दोन्हींतून तीन वेळा गेला. नारळ ढिम्म. परत येताना बांधाजवळ नारळ ताडकन उभा राहिला.

"गावाचं मला काय कळत न्हाई," धोंडीभाऊ म्हणाला. "पर हितं दोन इंची पानी हाय."

रानाचा मालक लगेच पुढे आला. "कवा सुरू करता?"

*

नाना आणि संपत कोलारच म्हणत होते. जिथं पाणी लागलं तिथं जावं. मीही कंटाळून कोलारचीच तिकिटं काढायला नगरला निघालो. वाटेत आम्ही खणलेली एक विहीर आहे, कोरडी गेलेली. दादा तिथं दर वेळी गाडी थांबवायचा आणि आत खडा टाकून ऐकायचा.

एकदा मी चिडलो होतो. "न्हाई त्यात काही. कशाला थांबतो?"

"पानी लागल्यालीकडं समदे जात्यात," तो म्हणाला. "हिची इचारपूस कोन करनार?"

त्या दिवशी मीही थांबलो. खडा टाकला. आणि नगरहून नीलगिरीची तिकिटं घेऊन आलो.

"कोरड्या हिरीवर कोन सुट्टी घालवतं का?" संपत म्हणाला.

नाना म्हणाले, "गप. त्यानं सांगितलं वाटतं."

*

पंडलूरला धुकं होतं. चहाच्या मळ्यातल्या एका माणसानं आम्हाला जुना खड्डा दाखवला. भोवती लोखंडी कठडा. धुकं आत उतरत होतं, भरल्या बकेटीसारखं.

मी खडा टाकला. कितीतरी वेळ वाट पाहिली. आवाज आला नाही.

मग काय वाटलं कोण जाणे, मी एक दगड उचलला आणि कठड्यावर मारला. एकदाच.

नाना मागे उभे होते, डाव्या हातात चहाचा ग्लास. त्यांचा उजवा हात वर आला, हवेत काहीतरी धरलं आणि सावकाश मागे ओढायला लागला. संपत कठड्यावर ओणवा झाला आणि त्यानं हात खाली दिला.

"हळू," नाना म्हणाले. "माणूस हाय."