वल्हं माझ्या हातात आलं तेव्हा

आधीच सांगते, भुताखेतांवर आणि दैवी साक्षात्कारांवर माझा काडीचा विश्वास नाही. माझ्या माहेरी, कुंभकोणमला, शेजारच्या एका बाईंच्या अंगात यायचं. अख्खी गल्ली हात जोडून उभी राहायची आणि मी पदर तोंडात कोंबून हसू दाबायची. त्यामुळे पुढचं वाचून मला कुणी देवभोळी म्हटलं तर मला खरंच राग येईल. जे घडलं ते असं घडलं, एवढंच मी सांगू शकते...

छप्पन किंवा सत्तावन्न साल असेल. ‘सत्तावन्नच,’ असं आमचे हे आत्ता पेपरातून डोकं वर काढून म्हणाले. असू दे सत्तावन्न.

आम्ही तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. अप्पा, म्हणजे माझे वडील, गोविंदपुरम्‌च्या विठ्ठलापुढे भजनाला उभे राहायचे आणि एरवी त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. हे मात्र अस्सल पुण्याचे. यांचे काका तिरुच्चीला रेल्वेत होते, त्यांनी हे स्थळ आणलं. वैशाखात लग्न झालं आणि हे परत पुण्याला गेले. बिऱ्हाडाची सोय झाली की मला न्यायला यायचं असं ठरलं होतं.

खरं सांगायचं तर मला जायची धास्ती वाटत होती. माणूस वाईट नव्हता. पण यांना प्रत्येक गोष्टीचं उत्तर ठाऊक असायचं, आणि हातात घेतलेली वस्तू किंवा वाद सोडणं यांना माहीतच नव्हतं. लग्नानंतरच्या चार दिवसांत मी प्रेमाने ‘जेविलांत काय?’ म्हणून विचारलं, तर आधी ‘जेवलात का, असं म्हणायचं’ आणि मग ‘हो’. जन्मभर असंच चाललं तर? अप्पांनी माझा चेहरा ओळखला असावा. एके दुपारी दुकानातून येऊन ते म्हणाले,

“रुक्कू, तुझें मन नसलें तर सांग. अजून एक वरीस ठेवून घेतों. पुढचें पुढें पाहूं. मी आहें.”

मी म्हटलं, “विचार करून सांगत्यें.”

आणि नेमके त्याच आठवड्यात हे दारात हजर! महिना आडीचा, म्हणजे तिकडचा आषाढ. या महिन्यात नव्या नवरा-नवरीने एकत्र राहायचं नाही, मुलगी माहेरी ठेवायची, हा तिकडचा कडक रिवाज. आखाड पुण्यातही पाळतात म्हणे, पण यांना त्याचा पत्ता नव्हता. वर पाठीवर मिलिटरीच्या जुन्या मालातून घेतलेला तंबू. कावेरीला नवं पाणी आलंय, आपण दोघं होडीतून रिव्हर ट्रिप करू, रात्री काठावर कॅम्प!

अम्मा स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. “आडींत जावई घरीं येतो काय? अस्के लोक हसतील,” असं भिंतीला सांगत राहिली. अस्के म्हणजे सगळे. शेवटी अप्पांनी तोड काढली. ओळखीचा म्हातारा नावाडी चिन्नय्या सोबत देऊ, तो लक्ष ठेवील. मी लगेच हो म्हटलं. दोन दिवस हा माणूस नीट पाहायचा आणि परत आल्यावर अप्पांना काय ते सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

चिन्नय्याची होडी म्हणजे परिसल. बांबूची भलीमोठी गोल टोपली, तिला खालून कातडं. ती बसच्या टपावर टाकून आम्ही तिरुवैयारूला गेलो आणि तिथून प्रवाहाबरोबर खाली निघालो. नदीच्या काठी जन्म गेला, पण मी पाण्यात घाटाच्या पायरीपलीकडे कधी गेले नव्हते. होडीत तर कधीच नाही. मुलींनी होडीत काय करायचं? पहिला दिवस फार सुखाचा गेला. दोन्ही काठांना भाताची लावणी चालली होती, बायका ओणव्यानेच मान वळवून आम्हाला हसत होत्या. हे चिन्नय्याला वल्हवण्याबद्दल मराठीत सूचना देत होते आणि तो तमिळमध्ये बरं बरं म्हणत होता. दोघांचंही समाधान होत होतं.

संध्याकाळी वाळूवर तंबू ठोकला. अम्माने दिलेला चिंचेचा भात खाल्ला. मग चिन्नय्याने शांतपणे परिसल उचलली आणि दोघांच्या मधोमध उपडी घातली. अलीकडे तंबूत मी, पलीकडे चटईवर हे, आणि परिसलीखाली चिन्नय्या. अम्माचा हुकूम. यांनी त्यावर बराच वाद घातला. चिन्नय्या घोरत होता.

दुसऱ्या दिवशी स्वामिमलै जवळ आलं तिथे नदीत एक जुना दगडी बांध फुटून पाण्याखाली गेलेला होता. मधल्या धारेत पाणी नुसतं पांढरं होऊन उसळत होतं, आवाजाने बोलणं ऐकू येईना. चिन्नय्या डाव्या काठाला धरून जाणार होता. एवढ्यात वाहत आलेला माडाचा ओंडका आमच्यावर आदळला आणि चिन्नय्या पाण्यात फेकला गेला. तो पट्टीचा पोहणारा, काठाला लागला. पण परिसल सुटली ती मधल्या धारेकडे. आत आम्ही दोघं. मला पोहता येत नाही. यांना येतं, पण पोहण्याच्या तलावात.

वल्हं सुदैवाने आत राहिलं होतं. यांनी ते घेतलं आणि जिवाच्या आकांताने मारायला लागले. पण परिसल गोल. बाजूने वल्हं मारलं की ती जागच्या जागी गिरकी घेते. जितका जोर, तितकी गिरकी. काठ, पाणी, काठ, पाणी... यांचे हात सोलवटले.

मी म्हणाले, “आणा हिकडे.”

यांनी वल्हं दिलं.

आता जे सांगतेय ते जसंच्या तसं सांगतेय. मी उभी राहिले. परिसलीत उभं राहणं म्हणजे वेडेपणा, पण मी गुडघा कडेला टेकला आणि उभी राहिले. वल्हं समोर लांब टाकलं आणि पाणी स्वतःकडे ओढलं. गिरकी थांबली. भीती अजिबात वाटत नव्हती. रोजचे दोसे घालावेत तसे हात चालत होते. हात माझेच होते, पण मी त्यांना काही सांगत नव्हते. उलट मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं, की आज लिहितानाही ते आठवून हसू येतंय.

काठावरून चिन्नय्या ओरडत होता, मध्ये जाऊ नको. मी मध्येच गेले. दोन दगडांमध्ये एक वाट होती, तिकडे परिसल नेली आणि यांना म्हटलं, “खालीं अजून एक दगड आहे. डावीकडे बसा.” दगड दिसत नव्हता. तिथे नुसतं फेसाळ पाणी होतं. हे सरकले. आम्ही खाली आपटलो, डोक्यावरून पाणी गेलं आणि उजवीकडच्या तळाला काहीतरी खरवडत गेलं. दगडच. हे तिथेच बसून राहिले असते तर भार त्या बाजूला पडून आम्ही उलटलो असतो. मग एकदम संथ पाणी लागलं आणि परिसल वाळूत रुतली.

चिन्नय्या धावत आला. आधी त्याने माझे हात उलटेपालटे करून पाहिले. फोड नाही, लाली नाही. यांच्या तळव्यांतून रक्त येत होतं. तो म्हणाला, तो तिसरा दगड कडक उन्हाळ्यातच वर दिसतो, तुला कुणी सांगितला? कुणी नाही. आणि उभ्याने वल्हवायला कुणी शिकवलं? तो स्वतः बसून वल्हवायचा, त्याच्या माहितीतले सगळेच बसून वल्हवायचे. मग त्याने नदीला हात जोडले आणि माझ्याकडे न बघता परिसल उपसायला लागला. त्याच्यापुरतं उत्तर त्याला मिळालं होतं.

मी मोठ्या हौसेने म्हटलं, पुन्हा करून दाखवते. संथ पाण्यात वल्हं घेतलं. परिसल जी गरागरा फिरली, ती मी तोल जाऊन यांच्या अंगावर पडले तेव्हाच थांबली. चिन्नय्याने पुष्कळ शिकवलं, पण छे. संध्याकाळपर्यंत माझ्याही हातांना फोड आले. नंतरही दोनदा प्रयत्न केला. आजवर मला परिसल एक हातसुद्धा सरळ नेता आलेली नाही.

यांचं म्हणणं, आदल्या दिवशी चिन्नय्याला पाहून माझ्या सबकॉन्शस मनाने सगळं टिपून घेतलं असणार. असेल. पण मग उभ्याने का? आणि न दिसणारा दगड कुठून टिपला? यावरही यांच्याकडे उत्तरं आहेत, दर वर्षी वेगवेगळी. मला एकही पटलेलं नाही, आणि माझ्याकडेही दुसरं नाही.

घरी आलो तेव्हा अप्पांनी यांना झोपाळ्यावर बसवलं, मला मागच्या अंगणात बोलावलं आणि विचारलं, “काय ठरविलेंस?”

“जात्यें,” मी म्हटलं. अप्पांना वाटलं, मी भिजून तापलेय. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला.

माझ्या हातांचं काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. पण मी पुण्याला आले ती त्यामुळे नाही. मी आले ती त्याच्या आधीच्या क्षणामुळे. मृत्यू समोर होता, आणि ज्या माणसाने आयुष्यात कधी हातातलं काही सोडलं नव्हतं, त्याने होडीत पहिल्यांदाच बसलेल्या एका पोरीच्या हातात मुकाट्याने वल्हं दिलं. का म्हणून विचारलं नाही, तुला जमेल का म्हणून विचारलं नाही. वर मी सांगितलं तिकडे सरकूनही बसला.

इतक्या वर्षांत मी यांना कितीदा तरी विचारलंय, का दिलंत हो? आत्ताही विचारलं. यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला.

“माहीत नाही गं,” म्हणाले.