एल्गिन ड्रेगर आणि ओढ्यापलीकडची टर्की

एल्गिन ड्रेगर म्हणाला पाऊस येणार, की लानो नदीच्या आमच्या खोऱ्यातल्या बायका धुणं बिनधास्त बाहेर टाकून चर्चला जात. हे त्यालाही ठाऊक होतं. पेंडीच्या दुकानात डॉमिनोच्या टेबलाशी बसून तो स्वतःच सांगायचा, "आयुष्यभर मी पावसाचा अंदाज चुकवतोय. टीव्हीवरचा तो टायवाला कधीमधी बरोबर निघतो, त्यामुळे माणसाची पंचाईत होते. माझं तसं नाही. डोळे मिटून माझ्यावर विश्वास ठेवा आणि उलट वागा."

शेळ्या, राजकारण, गुडघे, सगळ्याच बाबतीत तो स्वतःची अशी यथेच्छ टिंगल करायचा. तरुणपणी त्याने नवीकोरी पिकअप स्वतःच्याच तळ्यात घातली होती, आणि ती गोष्ट तो लोकांच्या लग्नात आग्रहाशिवाय सांगायचा. पण एका गोष्टीत मात्र थट्टा चालायची नाही. टर्की या रानपक्ष्याच्या आवाजाची पारख. तिथे एल्गिनच्या कानाला कुणी हात लावायचा नाही.

हा कान त्याला बापाकडून आला होता. सीडरच्या लाकडाचे पातळ भिंतींचे डबे एल्गिन स्वतः तासायचा. झाकणाला खडू लावून ते डब्याच्या काठावर घासलं की टर्कीची मादी बोलावी तसा आवाज निघतो. वसंतात पहाटे ओकच्या बुंध्याशी दडून बसायचं, दोनदा घासायचं, की गुडघ्याला बाशिंग बांधलेला नर पिसारा फुलवून, आरवत आरवत समोर हजर. तसा त्या दिवसांत नर कशालाही आरवतो. ढग गडगडले, घुबड ओरडलं, पिकअपचं दार आपटलं, तरी आरवतो. पण त्याला एल्गिन मोजायचा नाही. "ती दचकून दिलेली शिवी आहे," म्हणायचा. "त्यात कला कुठे आली?"

गावच्या अग्निशमन दलाच्या मदतीसाठी दर हिवाळ्यात मोठं जेवण व्हायचं. धुरावर भाजलेलं मांस, सॉसेज, बटाट्याचं सॅलड, आणि शेवटी टर्कीची हाक मारण्याची स्पर्धा. परीक्षकांना पडद्याआड बसवायचे, म्हणजे हाक कोणाची हे दिसू नये. एका वर्षी परीक्षक असलेल्या एल्गिनने पडद्याआडून एक हाक ऐकली आणि समोरच्या माइकमध्ये तो बोलून गेला, "ही मादी आहे का गंजलेलं फाटक? हिला नवरा नको, तेल पाहिजे." अख्खी सभा खो खो हसली. पडद्यापलीकडून व्हर्जिल सॅटलर बाहेर आला, हातातला डबा त्याने खिशात घातला, बायकोला उठवलं आणि निघून गेला.

व्हर्जिल म्हणजे एल्गिनचा सख्खा शेजारी. मध्ये एक ओढा आणि एक कुंपण. दोघं एकाच बाकावर शिकलेले. त्या दिवसापासून व्हर्जिलने त्याच्याशी बोलणं टाकलं. लिओना, म्हणजे एल्गिनची बायको, म्हणायची, "जा आणि माफी माग." एल्गिन म्हणायचा, "कशाची? मी काय त्याला बोललो? मी आवाजाला बोललो. कान खोटं कसं बोलेल?" आणि ते तसंच राहिलं, वर्षानुवर्षं.

मग आला २०११ चा दुष्काळ. आदल्या शरदात जे आभाळ मिटलं ते मिटलंच. हिवाळ्यात थेंब नाही, त्यामुळे जमिनीवर हिरवं असं काही उगवलंच नाही. नदीची डबकी झाली. शेळ्यांना चारायला लोक फड्या निवडुंगाचे काटे बर्नरने जाळत हिंडत होते. कुंपणाच्या ज्या खांबांवर बसून लावे शीळ घालायचे, तिथे नुसते खांब उरले. एल्गिन टेबलाशी बसून समजावून सांगायचा. हिवाळ्याच्या पावसाने कोवळा पाला येतो, तो खाऊन मादीच्या अंगाला मांस धरतं. गवत वाढतं, त्यात ती घरटं लपवते. नाकतोडे होतात, त्यावर पिल्लं पोसतात. "यातलं यंदा काय आहे? शहाणी मादी असल्या वर्षी लग्नच करत नाही. फक्त माझ्यासारखी गाढवं करतात," असं तो म्हणाला. लिओनाशी त्याने एका दुष्काळातच लग्न केलं होतं.

असं म्हणून तो हसायचा, पण घरी जाताना ओढ्याशी थांबून झाडांकडे वर बघायचा. त्याच्या आजोबांच्या काळापासून ओढ्यावरच्या पेकनच्या झाडांवर संध्याकाळी टर्की झोपायला येत. यंदा झाडं रिकामी होती. बंदूक त्याने कपाटात ठेवून दिली होती. मारायचं कुणाला? त्याला फक्त एक आवाज हवा होता. रोज पहाटे तो डबा घेऊन ओढ्याकाठी बसायचा, हलकेच घासायचा आणि कान लावायचा. सगळा मार्च त्याला उत्तर आलं नाही. ओढ्यावर एकही टर्की नसलेला पहिला ड्रेगर आपणच, हे त्याच्या मनात सारखं येई, आणि ते कुणाला सांगायची त्याची हिंमत नव्हती.

एप्रिलात एका पहाटे उत्तर आलं. कुंपणापलीकडच्या झुडपातून, बारीक, जरा खरखरीत. एल्गिनच्या हातून झाकण पडता पडता राहिलं. त्याने पुन्हा घासलं. पुन्हा उत्तर.

घरी येऊन तो लिओनाला म्हणाला, "मादी आहे! वय दोन वर्षं. तिसरा सूर ऐकलास तर कळेल, जरा दबका आहे. घरटं केलंय तिने."

"रोज बोलते?" लिओनाने कॉफी ओतता ओतता विचारलं.

"रोज."

"अंड्यावरची मादी तोंड मिटून बसते, असं तूच मला आयुष्यभर ऐकवलंस ना?"

"ही बोलकी आहे."

"बरं बाई, असेल बोलकी," लिओना म्हणाली आणि तिने पाव त्याच्यापुढे सरकवला.

पलीकडे जाऊन बघणं शक्यच नव्हतं. माणसाची चाहूल लागली की मादी घरटं टाकून जाते. म्हणून एल्गिनने काय करावं? ओढ्याच्या काठची सगळी खालची जमीन त्याने शेळ्यांना बंद केली. तिथे तेवढंच थोडं वाळकं गवत उरलं होतं, ते मादीच्या आडोशाला हवं. शेळ्या फाटकाशी उभं राहून त्याला शिव्या घालत आणि तो त्यांच्यासाठी दिवसभर निवडुंग भाजत हिंडे. भुवया जळल्या. पवनचक्कीच्या टाकीतून नळी टाकून त्याने कुंपणाखाली पाण्याचं एक उथळ ताट भरून ठेवलं. आश्चर्य म्हणजे ते ताट कधी कधी त्याच्या आधीच भरलेलं असायचं. रात्रीचं दव पडलं असेल, असं त्याने ठरवलं. दुष्काळात दव! पण माणसाला ठरवायचंच असलं की तो काहीही ठरवतो.

दुकानात तो फुशारून गेला. "सगळ्या खोऱ्यात एक मादी उरलीय, आणि ती कुणाशी बोलते? माझ्याशी." पलीकडच्या टेबलावर व्हर्जिल पाठ करून बसलेला असायचा. त्याची पाठ त्या दिवशी जरा जास्तच ताठ झाली, हे दुकानदार नॉर्बर्टने पाहिलं. एल्गिनने पाहिलं नाही. तो सोंगटी लावत होता, आणि तीही चुकीची.

मे सरत आला तसा एल्गिनचा धीर सुटला. अंडी केव्हाच फुटायला हवी होती. पिल्लं असतील तर मादी त्यांना घेऊन निघेल, आणि निदान एकदा ती डोळ्यांनी बघायला हवीत. एका पहाटे हाक देऊन झाल्यावर, उत्तर आल्यावर, तो पोटावर पालथा पडला आणि कुंपणाकडे सरपटत निघाला. गुडघे बोंबलत होते. निवडुंगाचा एक काटा नको तिथे घुसला. तो श्वास रोखून तारेखालून डोकं घालतो, तर समोर हातभरावर दुसरं डोकं. तेही जमिनीला टेकलेलं. टोपीवर गवत खोचलेलं.

पलीकडच्या डोक्याने टोपी वर सारली.

"या, परीक्षकसाहेब," व्हर्जिल म्हणाला.

व्हर्जिलच्या मुठीत सीडरचा डबा होता. झाकणावर कोरलेलं पेकनचं पान एल्गिनने ओळखलं. तो डबा त्यानेच तासला होता, व्हर्जिलच्या लग्नात भेट म्हणून.

"हा डबा..." एल्गिन म्हणाला.

"हाच. स्पर्धेतही हाच होता. ते गंजलेलं फाटक तुझ्याच हातचं आहे."

"मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय करू? कान तुझा. मी आपला गोठ्यात बसून घासत राहिलो. म्हटलं, मरायच्या आधी एकदा याला फसवीन. पण देवाशपथ सांगतो, हे फसवायला नव्हतं. मला वाटलं, तुझ्या बाजूला मादी आहे. मी तिला धीर द्यायला उत्तर देत होतो."

"अरे गाढवा, गेल्या शरदापासून पाऊस नाही. कुठली मादी घरटं करील?"

"हे मलाही कळत होतं. पण तू दुकानात छाती ठोकून सांगत होतास. म्हटलं, याला हवामानातलं काही कळत नसेल, टर्कीतलं कळतं." व्हर्जिलने पाण्याच्या ताटाकडे बोट केलं. "पाणीही मी भरायचो. तुझी नळी गळते."

एल्गिन उठून बसला. काटा काढायचंही भान त्याला राहिलं नाही. "म्हणजे कुणीच नाही?"

"कुणीच नाही, एल्गिन. तुझ्या बाजूला तू आणि माझ्या बाजूला मी."

एल्गिनला रडू आलं. खरंच आलं, आणि त्याने ते लपवलं नाही. व्हर्जिलने खिशातला रुमाल काढला, त्याला खडू लागलेला होता, त्यामुळे एल्गिनचं तोंड पांढरं झालं. मग दोघांनाही हसू फुटलं. हसू ओसरल्यावर एल्गिन म्हणाला, "तिसरा सूर मात्र छान लागतो तुझा. आणि त्या दिवशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं."

"नकोच होतं," व्हर्जिल म्हणाला आणि त्याने एल्गिनला हात देऊन उभं केलं.

ती गोष्ट फुटायच्या आत एल्गिनने स्वतःच दुकानात सांगितली, तळ्यातल्या पिकअपपेक्षाही रंगवून. "दोन महिने मी व्हर्जिलवर लाइन मारत होतो," तो म्हणाला. "आणि वय सांगितलं दोन वर्षं! या माणसाला नातवंडं आहेत." लोक टेबलं बडवून हसले. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तो अंथरुणातून उठला नाही. आता कशाला उठायचं? डोक्यावर चादर घेऊन पडून राहिला. खिडकीतून दुरून आवाज आला, बारीक, जरा खरखरीत.

"तुझी मादी बोलावतेय," लिओना म्हणाली. "जा."

तो गेला. मग दोघं रोजच जायला लागले, आपापल्या बाजूला बसायचे, घासायचे, आणि निघताना कुंपणाशी कॉफी प्यायचे. ओढ्याची जमीन शेळ्यांना पुन्हा खुली करायची होती, पण फाटकाच्या कडीला हात लावला की एल्गिनला वाटायचं, हे उघडलं म्हणजे ओढा संपला असं आपणच जाहीर केलं. तो आणखी थोडा निवडुंग भाजायचा. पलीकडे व्हर्जिलनेही आपल्या बाजूचा काठ तसाच बंद ठेवला होता, पण हे दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही. लाज वाटत होती.

पाऊस आला तो हिवाळ्यात, एल्गिनने "यंदाही नाही" असं ठासून सांगितल्यावर. खोऱ्यात बाकी सगळीकडे गवत शेळ्यांनी मुळासकट चरून टाकलं होतं, तिथे माती वाहून गेली. ओढ्याच्या दोन्ही काठांवर मात्र मुळं शाबूत होती. तिथे पाला आला, गवत आलं, नाकतोडे आले. एका नसलेल्या मादीसाठी राखलेला तो आडोसा सबंध खोऱ्यात तेवढाच हिरवा होता.

वसंतात एका पहाटे एल्गिन ओकखाली बसला होता. डबा मांडीवर, अजून खडूही लावला नव्हता. आणि पलीकडच्या झुडपातून नराची आरोळी आली, खणखणीत, छाती फुगवून मारलेली. एल्गिनचं डोकंच फिरलं. मादीची थट्टा ठीक होती. पण नराची? इतक्या दिवसांनी? तो ताडकन उठला आणि फुप्फुसं फाटेस्तोवर ओरडला, "व्हर्जिल! पुरे कर! काही लाज आहे का?"

पलीकडून तेवढ्याच रागाने व्हर्जिल ओरडला, "मी नाही! मला वाटलं तूच!"

मग सगळं शांत झालं. एल्गिनला आता कळलं. खरा होता. खरा नर होता, आणि आपण दोघा म्हाताऱ्यांनी बोंबलून त्याला हाकलून लावला. आयुष्यभर ओढ्यावर कुजबुजत बोललो, डबे तासले, आणि नेमक्या वेळी हे. तो खाली बसला आणि गवतात पडलेला डबा त्याने उचलून मांडीवर घेतला.

आणि दोघांच्या मधून, पेकनच्या झाडावरून, त्या आरडाओरडीने दचकलेला तो नर पुन्हा आरवला. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा.

एल्गिनने मांडीवरचा डबा हळूच गवतात ठेवून दिला. "व्हर्जिल," तो पुन्हा गळा ताणून ओरडला, आता डोळे पुसत, "अजून काहीतरी बोल रे!"