शिकामो शेवटी

म्वालिमू मदुहूंच्या, म्हणजे मदुहू मास्तरांच्या, वर्गात पहिला आठवडाभर कुणाला कीबोर्डला हात लावू देत नसत. इस्पितळांतून, पाणीखात्यातून, माशांच्या कारखान्यांतून माणसं सर्व्हर सांभाळायला शिकायची म्हणून म्वांझाला आमच्या प्रशिक्षण केंद्रात येत, आणि हा पांढऱ्या दाढीचा मास्तर त्यांना नुसतं पडद्यासमोर बसवून ठेवी. समोर एक धडधाकट, चालता सर्व्हर. सकाळी त्याच्यावर भार किती, जेवणाच्या सुट्टीत किती उतरतो, मेमरी कुठपर्यंत भरते, डिस्क कधी धापा टाकते, बघत बसा.

"अहो, पण बिघडलेलं दुरुस्त करायला आलोय आम्ही," कुणीतरी कुरकुरेच.

"निरोगी कसं दिसतं ते ठाऊक नसेल, तर बिघडलंय हे कळणार कशावरून?" म्वालिमू म्हणत, आणि खुर्ची ओढून स्वतःही बघत बसत.

मी शेजारच्या खोलीत केबल आणि नेटवर्क शिकवते. माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी हातात पक्कड. त्यामुळे त्यांचे कंटाळलेले विद्यार्थी माझ्या दारात येऊन घुटमळत आणि मी त्यांना हाकलून लावी. मला मास्तरांची ही बसवून ठेवण्याची पद्धत अजिबात पटत नव्हती. पण एक सांगते, त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं कुठेही अडली नाहीत. दार-एस-सलाम, नैरोबी, किगाली, जिथे गेली तिथे टिकली. परत मात्र कुणी आलं नाही.

आमच्या दोन वर्गांमधली भिंत फळ्यांची, त्यामुळे त्यांचे निम्मे धडे मला पाठ आहेत. एक धडा असा, की प्रोसेसर रिकामा बसलेला दिसतो आणि तरीही सर्व्हरवरचा लोड चढलेला असतो. पोरं चक्रावत. काम काहीच नाही, मग ओझं कसलं?

"वाट बघण्याचं," म्वालिमू सांगत. "डिस्ककडून माहिती यायची आहे. ती येईपर्यंत काम अडून बसलंय. लिनक्स हे वाट बघणंसुद्धा ओझ्यातच धरतं."

त्या दिवशी चहाला बसल्यावर मी चेष्टेनं विचारलं, "मग आज तुमचा लोड किती, म्वालिमू?"

ते हसले नाहीत. चहात बुडवलेली मांदाझीची गोड पुरी त्यांच्या हातात मऊ होऊन कपात पडली, तरी ते तसेच बसून राहिले.

त्यांची मुलगी मिलेंबे फिनलंडला होती. आई लहानपणीच गेलेली. बापानंच वाढवली आणि बापानंच शिकवली, याच वर्गात, पहिल्या बाकावर. त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांत तिचा हात सर्वांत हलका. सर्व्हर मंदावला की बाकीचे दहा ठिकाणी बोटं घालत. ही एकच गोष्ट बदले आणि हाताची घडी घालून परिणामाची वाट बघे. तिकडच्या मोठ्या कंपनीनं तिला उचललं तेव्हा मदुहूंनी सगळ्या केंद्राला पिलाव खाऊ घातला होता. विमानतळावरून परतताना मात्र ते सारखे मागे वळून बघत होते.

दर रविवारी मिसा आटोपली की तिचा फोन येई. चर्चच्या आवारात आंब्याखाली ते फोन हातात धरून उभे असत आणि आम्ही बायका दुरून बघत असू. फोन वाजे.

"शिकामो, बाबा."

"मराहबा, बाळ. मराहबा."

धाकट्याचा नमस्कार तो शिकामो आणि मोठ्यानं तो स्वीकारला की मराहबा; एवढं झाल्याशिवाय आमच्याकडे धाकट्यानं मोठ्याशी तोंड उघडायचं नसतं. मग बाकीची विचारपूस. सकाळ कशी गेली, झोप लागली का, आत्या कशी आहे, शेळ्या कशा आहेत, फादरांचा गुडघा कसा आहे. सगळ्याला उत्तर एकच, ठीक. आमच्याकडे मयताच्या दारात उभं राहून विचारलंत तरी आधी 'ठीक' म्हणतील आणि मग कोण गेलं ते सांगतील. शेवटी मिलेंबे म्हणे, "बाबा, कुणी येणारं असलं तर मिचेंबे पाठवा." उकडून वाळवलेल्या रताळ्याच्या कापांवर तिचा फार जीव. की फोन संपला. म्वालिमू आमच्याकडे येऊन सांगत, "ठीक आहे ती." आणि पुढचा रविवार येईपर्यंत त्याच 'ठीक'वर जगत.

मग मबूलाचं प्रकरण झालं. मबूला हा माशांच्या एका कारखान्यातला कॉम्प्युटर सांभाळणारा, चांगला दोन लेकरांचा बाप. म्वालिमूंच्या वर्गात त्यानं सर्व्हरवर नजर ठेवणारा प्रोग्राम लिहिला. डिस्क भरत आली, मेमरी संपत आली, की म्वालिमूंना आणि त्याच्या साहेबांना आपोआप मोबाइलवर संदेश. पठ्ठ्यानं तो स्वतःच्या कारखान्यात लावलाही. एका सकाळी संदेश आला:

"शिकामो. सकाळ कशी काय? घरी सगळे बरे ना? झोप नीट झाली ना? इकडे देवाच्या कृपेनं सगळं ठीक आहे"

दोघांनीही वाचला आणि फोन खिशात टाकला. दुपारी कारखान्याचा सर्व्हर आडवा झाला. वजनकाटे बंद, पावत्या बंद, फाटकाबाहेर ट्रक आणि ट्रकांत बर्फावरचा सांगारा मासा. बर्फ काही कुणाची वाट बघत नाही. मागाहून उलगडा झाला. त्या वाक्याच्या पुढे 'पण डिस्क भरत आली आहे' असं होतं. संदेशाची लांबी ठरलेली. नमस्कार-चमत्कारांनी ती खाऊन टाकली आणि मुद्दा कापला गेला.

मबूला दुसऱ्या दिवशी वर्गात मान खाली घालून उभा. पोरं हसून हसून लोळत होती. मीसुद्धा भिंतीपलीकडून हसले, खोटं कशाला बोलू.

"अरे गाढवा, एवढी ख्यालीखुशाली मशीनला कशाला शिकवलीस?" कुणीतरी म्हणालं.

"मग काय वडीलधाऱ्यांना थेट 'डिस्क भरली' म्हणून तोंडावर फेकू?" मबूला उसळला. "माझ्या आईनं थोबाडीत मारली असती मला."

"तिचं बरोबर आहे," म्वालिमू म्हणाले. "शिकामो काढायचं नाही. शेवटी टाकायचं. आधी दुखणं, मग नमस्कार. कापलं गेलं तर नमस्कार कापला जाईल." मग सगळ्यांना कळावं म्हणून ते तो संदेश मोठ्यानं वाचू लागले. 'इकडे देवाच्या कृपेनं सगळं ठीक आहे' इथवर आले आणि थांबले. पुढे वाचायला काही नव्हतंच, पण ते थांबणं तसलं नव्हतं. वर्ग लवकर सुटला.

मी गेले तेव्हा ते बंद पडद्यासमोर बसले होते.

"मिंझा," ते म्हणाले, "मिलेंबे मला दर रविवारी हेच सांगते."

"चांगलंच आहे की मग."

"तिनं मिचेंबे मागितले नाहीत. पावसाळा लागल्यापासून नाही मागितले. पूर्वी बसमधून फोन करायची, मागे माणसांचे आवाज असायचे. हल्ली काहीच ऐकू येत नाही. आणि मी काही विचारलं की उत्तराला उशीर लागतो." त्यांनी चष्मा काढला. "अख्ख्या जगाला शिकवतो की निरोगी कसं दिसतं ते लक्षात ठेवा. माझ्या पोरीचं मला पाठ होतं. तरी मी 'ठीक' ऐकत बसलो."

रविवारी त्यांनी मला मुद्दाम शेजारी उभं केलं. एकटं ऐकायचा धीर नव्हता त्यांना. फोन वाजला. ती तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "बाळ, शिकामो नंतर. आधी काय दुखतंय ते सांग."

बापानं शिकामो अडवलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. पलीकडे ती रडायला लागली ती मलासुद्धा ऐकू आली.

नोकरी केव्हाच गेली होती. कंपनीनं तिचा सगळा विभागच बंद केला. ती एका हॉटेलात चादरी बदलत होती आणि रात्री दुसरीकडे अर्ज करत होती. केंद्रातल्या सगळ्यांनी पिलाव खाल्लेला, आता काय तोंड दाखवू, म्हणाली.

"घरी ये," म्वालिमू म्हणाले.

"आत्ता नको, बाबा. आत्ता आले तर पुन्हा जाता यायचं नाही. थोडं थांबा."

त्यांची तिला परत आणायची इच्छा इतकी होती की फोन त्यांनी दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. एक शब्द जोरानं बोलले असते तर ती आली असती, मला खात्री आहे. मी त्यांना कोपरानं ढोसलंसुद्धा. पण ते म्हणाले, "बरं. थांबतो. पण यापुढे मला आधी वाईट सांगायचं."

"हो. शिकामो, बाबा."

"मराहबा."

आवारातून बाहेर पडल्यावर मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, बाप आहात की सर्व्हर? बोलावून घ्यायची होती पोरीला! ते म्हणाले, "एका वेळी एकच बदल, मिंझा. आज ती खरं बोलली. तेवढं पुरे." मी रागानं पुढे निघून गेले. मला अजून वाटतं की त्यांनी बोलवायला हवं होतं.

तेव्हापासून रविवारचे फोन उलटे झाले. आधी दुखणं. पाठ धरली, घरमालकीण खेकसली, अर्ज परत आला, एकटीला जेवण जात नाही. म्वालिमू आंब्याखाली उभे राहून ते सगळं अंगावर घेत. आणि सगळं सांगून झालं की शेवटी शिकामो, आणि त्यांचं मराहबा. त्या एका शब्दासाठी ते सगळं दुखणं ऐकून घेत, असं मला वाटे. मी आता दुरून न बघता शेजारीच उभी राहायला लागले होते.

नाताळच्या आधीच्या रविवारी ती येणार की नाही ते कळायचं होतं. म्वालिमूंनी तिची खोली झाडून घेतली होती, खाटेला नवी मच्छरदाणी बांधली होती. फोन वाजला.

"बाबा, वाईट आधी. मला येता येणार नाही. नवी नोकरी लागलीय, सर्व्हरचीच. पहिल्या वर्षी सुट्टी नाही. बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"चांगलं पण आहे. मी नीट जेवते आता. कुणी येणारं असलं तर मिचेंबे पाठवा. भरपूर पाठवा. आणि बाबा…"

लाइन कापली गेली.

आम्ही थांबलो. फोन परत वाजला नाही, इकडून लावला तर लागेना. लोक घरी गेले, आवारात खुर्च्या उचलायचं काम सुरू झालं.

"लागली की हो नोकरी," मी म्हटलं. "मिचेंबे मागितले. बरी आहे ती. तुम्हीच ठरवलं होतं ना, कापलं गेलं तर नमस्कारच कापला जावा म्हणून?"

"मीच ठरवलं होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी तो मुका फोन पुन्हा कानाला लावला आणि म्हणाले, "मराहबा, बाळ. मराहबा."