पहिल्या ओळीचा संबंध

आमच्या घरात बाबांचं नाव कोणी घेत नसे. आई घेत नसे कारण ते तिचे यजमान होते, मी घेत नसे कारण ते माझे वडील होते, आणि शेजारी घेत नसत कारण त्यांना ते माहीतच नव्हतं. मिलमध्ये बाबांना गावाच्या नावाने हाक मारत, आणि गावी गेले की 'मुंबैकर' म्हणून. संपात मिल गेली आणि बाबा आम्ही राहायचो त्या भांडुपच्याच एका कारखान्यात वॉचमन झाले, तेव्हापासून सगळे त्यांना 'वॉचमन' म्हणू लागले. रेशनकार्ड सोडलं तर त्यांचं नाव जगात एकाच ठिकाणी शिल्लक होतं, आईच्या उखाण्यात. तोही तिने एकदाच घेतला होता, लग्नात, सासरच्या उंबऱ्यावर. मी इथेही ते नाव लिहिणार नाही. आईचंच वळण आहे, काय करणार.

हे सगळं माझ्या लक्षात आलं ते इंडोनेशियामुळे. मराठीत एम.ए. करून मी पीएच.डी.साठी विषय मागायला गेले तेव्हा आमच्या मार्गदर्शकांकडचे संत संपले होते. एकेका संतावर दोन दोन विद्यार्थी बसले होते. सर म्हणाले, तुम्हाला आणखी काय येतं? मी म्हटलं, थोडं इंडोनेशियन येतं. सर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. ही थट्टा आहे की उद्धटपणा, हे त्यांना ठरवायचं असावं.

खरं तर त्यात विशेष काही नव्हतं. घाटकोपरला जावा बेटावरची एक बाई राहायची. नवरा गुजराती, बोटीवर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने समुद्रात. बाजारात तिला मराठीवाचून अडत होतं, म्हणून मी तिला मराठी शिकवायची आणि बदल्यात ती मला तिची भाषा. मी तिला 'म्बाक' म्हणायची. म्बाक म्हणजे ताई. तिच्या भाषेत भाषेला 'बहासा' म्हणतात, नावाला 'नामा', गोष्टीला 'चेरिता', आणि नवऱ्याला 'सुआमी', म्हणजे आपला स्वामीच. इतक्या लांबच्या बायकाही यातून सुटल्या नाहीत हे कळल्यावर मला ती भाषा परकी वाटेनाशी झाली.

म्बाकनेच मला पांतुन सांगितलं. पांतुन म्हणजे चार ओळींची कविता, पण कवींची नव्हे, लोकांची. पहिल्या दोन ओळींत काहीतरी झाडपाला, नदी, पक्षी असतात. पुढच्या दोन ओळींत माणूस मुद्द्यावर येतो. तिने एक सांगितलं, ते मी मराठीत असं उतरवलं: केळीच्या बागेत पाणी साचलं, बदक आलं पोहायला, तुमच्या घरात मुलगी आहे, आम्ही आलो पाहायला. त्यांच्याकडे काही भागांत नवरामुलगा वाजतगाजत दारात आला की मुलीकडचे वाट अडवतात आणि पांतुन टाकतात. त्याला पांतुनानेच उत्तर दिलं तर आत. मी म्हटलं, आमच्याकडे नवऱ्या मुलीला अडवतात, ती नवऱ्याचं नाव उखाण्यात घेते आणि मग आत जाते. म्बाकने विचारलं, "नुसतं नाव का नाही घेत?" मी म्हटलं, नुसतं घेत नाहीत.

पांतुनाच्या पहिल्या दोन ओळींना 'सांपिरान' म्हणतात. म्हणजे काय, असं विचारल्यावर तिने बाल्कनीतल्या वलणीकडे बोट दाखवलं. कपडे टाकायची दांडी. पहिल्या ओळी ही दांडी, पुढच्या ओळी हे तिच्यावरचं कापड. त्या दांडीला स्वतःचा काही अर्थ असतो का, यावर तिच्या देशातले विद्वान फार पूर्वीपासून भांडताहेत म्हणे. काही म्हणतात, फक्त यमकाची सोय. काही म्हणतात, नाही, सगळी खोच तिथेच असते. माणसं कधीकधी नुसत्या पहिल्या ओळी म्हणून निघून जातात, ज्याला कळायचं त्याला कळतं. "आणि तुमच्याकडे?" तिने विचारलं. मी एम.ए.च्या आत्मविश्वासाने सांगितलं, आमच्याकडे पहिल्या ओळीला काही अर्थ नसतो.

उखाणा आणि पांतुन, असा विषय मंजूर झाला. सरांनी कार्डं छापून घ्यायला सांगितली. प्रत्येक उखाण्याला एक कार्ड: सांगणारीचं गाव, वय, उखाणा, आणि खाली 'पहिल्या ओळीचा दुसऱ्या ओळीशी अर्थसंबंध: आहे / नाही'. मी एका मैत्रिणीचा टेपरेकॉर्डर आणला आणि आमच्या चाळीपासून सुरुवात केली. टेकडीवर आमच्या चार चाळी होत्या, तेव्हा बायकांना तोटा नव्हता. पण माझं लग्न ठरलं म्हणून मी उखाणे गोळा करत्येय, अशी बातमी आठवड्याभरात पसरली आणि दोघींनी परस्पर स्थळंही आणली. त्यातला एक मुलगा कांदिवलीला राहात होता आणि त्याला स्वतःची खोली होती. आईने मला त्याचा फोटो टेपरेकॉर्डरच्या बाजूला ठेवून दाखवला. मी कार्डं भरत राहिले.

सगळ्यांच्या शेवटी आईला बसवलं. टेपरेकॉर्डरसमोर बसताना तिने डोक्यावरून पदर घेतला. मी बटण दाबलं. आईने घसा साफ केला आणि म्हणाली, "खळ्यात सुकत घातली सोलं, वर पडली सावली..." आणि थांबली. खळं म्हणजे आमच्याकडचं अंगण, आणि सोलं कोकमाची. मी हाताने पुढे म्हण, पुढे म्हण करत होते. आईने माझ्या हाताकडे बघितलं, मग यंत्राकडे बघितलं आणि म्हणाली, "फुडचा तुका म्हायत आसा." पुढचं मला माहीत होतं, साऱ्या गावाला होतं: अमुकरावांचं नाव घेते, सासू माझी माउली. पण तेवढं नाव तिने काही घेतलं नाही. लग्न झालं तेव्हा घेतलं, आता परत कशाला, असं तिचं म्हणणं पडलं.

मी कार्ड भरलं आणि खात्री करायला तिला वाचून दाखवलं. 'अर्थसंबंध: नाही' आलं तेव्हा तिने विचारलं, नाही कशाला? मी तिला समजावून सांगितलं की सोलांचा आणि सासूचा काही संबंध नाही, सावलीला माउली जुळते म्हणून ती ओळ आली. उखाण्याची पहिली ओळ अशीच असते, निरर्थक. तिने विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? मी सरांचं नाव सांगितलं. त्यावर तिने विचारलं की सरांचं लग्न झालंय का. झालंय म्हटल्यावर तिने कोथिंबीर निवडायला घेतली आणि त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलली नाही. मला वाटलं, कांदिवलीचा फोटो मी परत केला म्हणून.

पुढच्या महिन्यात बाबा कारखान्याच्या फाटकाशी खुर्चीवरून पडले. पालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. उजवी बाजू गेली होती. डोळे अर्धे उघडे, पण बघणं नाही, बोलणं नाही. तीन दिवस गेले. मी फार घाबरले होते, आणि घाबरले की मी चिडते, म्हणून त्या तीन दिवसांत मी नर्स, वॉर्डबॉय आणि चहावाला या तिघांशीही भांडले. आई स्टुलावर बसून बाबांचा डावा हात चोळत होती. "अहो," म्हणायची. "अहो, ऐकलंत?" सबंध संसार ज्या दोन शब्दांवर चालला होता, ते आता चालेनात.

चौथ्या दिवशी सकाळी एक तरुण डॉक्टर आला. तो म्हणाला, आता यांनी प्रतिसाद द्यायला हवा, जितका उशीर तितकं कठीण. नावाने हाक मारा. मी वाकून "बाबा" म्हटलं. पलीकडच्या तीन खाटांवरचे म्हातारे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर म्हणाला, "बाबा नको. नाव घ्या." नर्सने केसपेपर बघून बाबांचं नाव आडनावासकट मोठ्याने घेतलं. दोनदा घेतलं. बाबा ढिम्म. ते नाव त्यांना कोणी हाक मारायला वापरलंच नव्हतं, तर ते ओ कशाला देतील? डॉक्टर आईकडे वळला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही घ्या. तुमचा आवाज ओळखतील."

आईने माझ्याकडे बघितलं. मला तिची इतकी दया आली आणि इतका राग आला की मी म्हटलं, "आई, घे ना. एकदा घे. कोण बघतंय?" अख्खा वॉर्ड बघत होता. आईने तोंड उघडलं, पण नाव येईना. तिला खरंच येत नव्हतं, ती हट्ट करत नव्हती. नुसतं नाव कसं घेतात, हे तिला माहीतच नव्हतं. त्या क्षणी मला म्बाकची वलणी आठवली. मी म्हटलं, "उखाण्यात घे."

आई स्टुलावरून उठली. पदर डोक्यावरून घेतला, खाटेच्या उशाशी उभी राहिली आणि शाळेतली कविता म्हणावी तशी, न थांबता म्हणाली. खळ्यात सुकत घातली सोलं, वर पडली सावली. मग बाबांचं नाव. मी जन्मात पहिल्यांदा ते तिच्या तोंडून ऐकलं. मग सासू माझी माउली. नर्स औषधाचा ट्रे धरून उभीच राहिली. मला रडू फुटलं.

बाबांचे ओठ डावीकडून हलले. आम्ही तिघंचौघं वाकलो. बाबा म्हणाले, "ढग... होतो."

डॉक्टरने विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, ढग होता म्हणतायत. तो म्हणाला, भ्रम असू शकतो, काळजी करू नका. पण आईला कसलीच शंका नव्हती. तीन दिवसांचा चेहरा पुसून टाकावा तशी ती ताठ झाली.

"वैशाखात खंयचो ढग?" ती म्हणाली.

बाबांनी डोळे मिटून घेतले. वाद टाळायचा असला की ते नेहमी असेच डोळे मिटत. डॉक्टरला मी सांगितलं की ते आम्हाला ओळखतायत.

डॉक्टर गेल्यावर आईने मला सांगितलं. ती सोळा-सतरा वर्षांची असताना खळ्यात सोलं पसरत होती. पाठीमागून सोलांवर कोणाची तरी सावली पडली. वळून बघितलं तर शेजारच्या गावचा, मिलमधून रजेवर आलेला एक मुलगा कुंपणाच्या दगडी गडग्याशी उभा. पाणी पाहिजे म्हणाला. ती पाणी घेऊन येईपर्यंत निघून गेला होता. महिन्याभराने त्याच मुलाच्या घरातून मागणी आली. लग्नानंतर बाबा मात्र छातीला हात लावून सांगत की आपण कधी मुलगी बघायला गेलो नाही, वडीलधाऱ्यांनी ठरवलं तिथे उभे राहिलो. म्हणून तिने उंबऱ्यावर, सासूसासऱ्यांसमोर आणि सगळ्या गावासमोर, ती सावली उखाण्यात घातली. गावाने टाळ्या वाजवल्या. कळलं एकट्यालाच, आणि तो तेव्हापासून ढग होता म्हणत होता.

"आणि सासू माझी माउली?" मी विचारलं.

"ता जुळवक लागता," आई म्हणाली. तिची सासू कशी होती हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मी पुढे विचारलं नाही.

संध्याकाळी राऊंडला दुसरे डॉक्टर आले. त्यांनी आईला विचारलं, पेशंटचं नाव काय? आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू सांग गं." मी सांगितलं. बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले, काठी घेऊन का होईना, टेकडी चढले. ढगाच्या बाबतीत शेवटपर्यंत ठाम होते.

बाबांना घरी आणल्यावर मी कार्डांचा गठ्ठा काढला. आईच्या कार्डावरचं 'नाही' खोडलं आणि 'आहे' लिहिलं. सर म्हणाले, एका उदाहरणावरून सिद्धांत होत नाही. ते बरोबरच होतं. मग मी खालची कार्डं उलटत गेले. सगळ्यांवर माझ्या अक्षरात 'नाही', 'नाही', 'नाही'. त्यातल्या एकाही बाईला मी विचारलेलं नव्हतं. त्यांच्या दारात उभी राहून मी त्यांचा जन्माचा उखाणा लिहून घेतला होता आणि खाली स्वतःच सही केल्यासारखं 'नाही' लिहून पुढच्या दारात गेले होते. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पहिल्या खोलीपासून परत सुरुवात केली. तिथे राहणाऱ्या मावशी साताऱ्याकडच्या. नवऱ्याला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. त्यांच्या उखाण्याच्या पहिल्या ओळीत विहिरीत पडलेली तांब्याची कळशी होती. या वेळी मी टेपरेकॉर्डर नेला नव्हता. त्या स्टोव्हवर भाकरी टाकत होत्या. मी दारातूनच विचारलं, "मावशी, ती कळशी कोणाची होती?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तव्यावरची भाकरी उतरवली, स्टोव्हची हवा सोडली आणि पाट पुढे सरकवून म्हणाल्या, "बस."