भिंतीकडे तोंड करून

राज्ये तलवारीने मोडतात, असे इतिहासाची पुस्तके सांगतात. मी एक राज्य मोडताना हाताच्या अंतरावरून पाहिले आहे. त्याला सुतळी लागते, आणि ती दुसऱ्याच दिवशी संपली.

नागपूर राजधानी राहणार नाही, हे ठरले त्या वर्षीची गोष्ट. मी एका सरकारी खात्यात कारकून होतो. प्रांताचे दोन तुकडे व्हायचे होते: हिंदी जिल्हे भोपाळकडे, विदर्भ मुंबईकडे. भाषणे मैदानात होत होती, फायली माझ्या खोलीत होत्या. फाईल उघडायची, विषय कोणत्या मुलखाचा ते पाहायचे, आणि भोपाळच्या किंवा मुंबईच्या पेटीत टाकायची. भिंतीला लागून छातीइतकी उंच थप्पी होती.

सोमवारी अधीक्षक दारातूनच म्हणाले, "शनिवारी दुपारी पेट्यांना सील लागेल. निवडायचे राहिले ते सगळे भोपाळला जाईल. आणि ते निवडायला तुम्ही सोबत जाल."

माझ्या वडिलांची दृष्टी गेली होती. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत ते काठीशिवाय फिरत. कोणती पायरी कुठे फुटली आहे, ते त्यांच्या पायांना पाठ होते. भोपाळच्या पायऱ्या त्यांनी कधी शिकायच्या?

बुधवारी माझ्या हातात एका पुलाची फाईल आली. नदीचा एक काठ आपला, दुसरा त्यांचा. मी ती भोपाळच्या पेटीत टाकली, काढली, मुंबईच्या पेटीत टाकली, पुन्हा काढली. अक्षरे दिसत होती, पण वाचली जात नव्हती. मग मी एक शहाणपणाचे काम हाती घेतले. फायलींच्या लाल फिती सोडून पुन्हा नीट, सारख्या गाठींच्या बांधू लागलो. तासभर बांधल्या.

आमचा चपराशी दारात उभा राहून पाहत होता. विणकराच्या घरातला माणूस, वडिलांपेक्षा थोडा लहान.

"बाबूजी, फिती काहून बांधून राहिले? लगीन हाय का फायलीचं?"

"होत नाही हो माझ्याच्याने," मी म्हणालो. "भोपाळलाच जातो आता."

"जा मंग. पन आंधी सांगा, तुमी फाईल पाहून राहिले का ढीग?"

मी थप्पीकडे पाहिले. तो म्हणाला,

"मागावर ताना, उभं सूत, गुंतला ना जी, तं आमचा बाप बाकीच्या सुतावर धोतर टाके. म्हने, वीतभर डोळ्यापुढं ठेव, बाकीचं हायच नाही असं समज. पुरा ताना पाहत बसला त्याचं लुगडं कधी झालं नाही."

त्याने बैठकीच्या खोलीतली सतरंजी आणून थप्पीवर टाकली, खालून फायलींचा एक बस्ता ओढून माझ्यापुढे ठेवला आणि स्टुलावर बसला. पहिला संपेपर्यंत दुसरा मिळत नसे. मनाच्या चंचलतेवर थोरामोठ्यांचे बरेच काही मी वाचले होते. सतरंजीचा उल्लेख कुठे आढळला नव्हता.

"किती राहिले?" मी मधूनच विचारी.

"ते इचारू नका जी. हात चालवा."

गुरुवार असा गेला. शुक्रवारी सामानाची यादी घेऊन भांडारातला कारकून आला. "सतरंजी एक, भोपाळ," त्याने वाचले, सतरंजी ओढली, झटकली आणि काखेत घालून गेला. थप्पी उघडी पडली. ती कमरेइतकीच उरली होती, पण मला ती पूर्वीएवढीच दिसली. मी हातातला कागद ठेवला आणि पुन्हा एक लाल फीत सोडू लागलो.

चपराशाने खांद्यावरच्या पंचाकडे पाहिले, मग थप्पीकडे. पंचा पुरणार नव्हता.

"उठा जी."

त्याने टेबल उचलून फिरवले आणि मला भिंतीकडे तोंड करून बसवले. समोर फक्त पोपडे आलेला चुना. मागून एकेक बस्ता येत राहिला.

शनिवारी दुपारी अधीक्षक लाख आणि शिक्का घेऊन आले, तेव्हा टेबलावर एकच फाईल होती.

"ही काय?"

"पूल, साहेब. अर्धा इकडे, अर्धा तिकडे."

अधीक्षक पाने उलटू लागले. मेणबत्ती पेटलेली होती. "एवढा पत्रव्यवहार! वर्दळ बरीच दिसते पुलावर."

"पूल बांधलाच कुठी जी?" दारातून चपराशी म्हणाला. "माह्या भावाची सासुरवाडी तिकडंच हाय. डोंग्यानं जा लागते."

अधीक्षकांनी फाईल मिटली. वर 'दप्तरी दाखल' असा शेरा मारला. कोणत्या दप्तरी, ते लिहिले नाही. त्यांची स्वतःची बदली भोपाळला झाली होती. फाईल त्यांनी आपल्या पिशवीत टाकली आणि पेट्यांवर लाख ओतू लागले.

संध्याकाळी वडील नेहमीप्रमाणे गल्लीच्या टोकापर्यंत एकटे जाऊन पान घेऊन आले.

टेबल मात्र पुढे कैक वर्षे तसेच राहिले. कुणी विचारलेच तर मी म्हणत असे, इकडे तोंड केले की उजेड चांगला येतो. त्या भिंतीला खिडकी नव्हती.