अक्षतांचे पाच दाणे

इंजिनियर लहानपणीच्या छंदातून घडतो, असं कोणी म्हणालं की मी विचारते, त्याला यंत्र उघडायला कोणी दिलं होतं?

मी वडिलांचा रेडिओ उघडला होता. तो पुन्हा जुळला नाही, तरी वडील रागावले नाहीत. भाईंदरच्या आमच्या दोन खोल्यांत ते कामगार संघटनेची पत्रकं आणायचे आणि मी त्यांना घड्या घालायचे. शिक्षणावर सगळ्यांचा सारखा हक्क, असं त्यात ठळक अक्षरांत असायचं. मला ती वाक्यं पाठ होती.

माझ्या बाकावरची मैत्रीण राई गावातली, मासेमारी करणाऱ्या घरातली. होडीवरची बॅटरी, शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर, काहीही ती सुरू करायची. तिने उघडलेला रेडिओ पुन्हा जुळायचा.

शाळेत सहा कॉम्प्युटर होते. चपला बाहेर काढून आत जायचं आणि सर चालवतात ते उभ्याने बघायचं. हात लावायला मिळायचा तो फक्त दसऱ्याच्या पूजेला. आठवीत वर्गाची मॉनिटर म्हणून ती पूजा मी केली. खिडकीजवळच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर मूठभर जास्तच अक्षता टाकल्या. त्यानंतर तो दोन मिनिटं चालून बंद पडायला लागला. सर म्हणाले, गेला हा. वर्षभर तो कापडाखाली पडून होता.

नववीत दसऱ्याच्या आदल्या दिवशी खोली झाडायला आम्हा दोघींना पाठवलं. तिच्या कंपासपेटीत छोटा स्क्रू-ड्रायव्हर असायचाच. मी नको म्हणेपर्यंत तिने डब्याची बाजू काढलीसुद्धा.

"पंखाच फिरत न्हाय याचा. तापनारच," ती म्हणाली. कर्कटकाच्या टोकाने तिने पात्यांत अडकलेलं काहीतरी बाहेर काढलं आणि तळहात माझ्यापुढे धरला. तांदळाचे पाच दाणे, अजून पिवळे.

"तूच टाकलेले ना गं? देवाला जेवायला घातलंस, त्याच्या घशातच अडकलं."

कॉम्प्युटर सुरू झाला. दोन मिनिटं गेली, दहा गेली. ती माउसने पडद्यावर होडी काढत होती, तेवढ्यात सर आले. डब्यावरचं सील फाटलेलं त्यांना आधी दिसलं, चालू पडदा नंतर.

"कोणी उघडलं?"

"मी. बंद होता सर, आता चालतोय."

"तुझ्या बापाचा आहे? मासळी चिरायच्या हातांनी मशीन चिरतेस?"

तिने दाणे दाखवले. "हे अडकलेले सर."

"कोणी टाकले?"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माहीत न्हाय."

मी झाडू घेऊन तिथेच उभी होते. एक शब्द बोलले असते तर निदान दोघींना मिळून शिक्षा झाली असती. मला माझी मॉनिटरची जागा दिसत होती. मी केर भरत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. हात जोडून म्हणाले, "सर, पोर परत हात लावनार न्हाय." पुढे कॉम्प्युटरच्या प्रत्येक तासाला ती दाराबाहेर बसायची, आमच्या चपलांपाशी. खिडकीजवळचा कॉम्प्युटर आत व्यवस्थित चालत होता. वर्षाअखेरीस तिने शाळा सोडली. भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात ती स्टीलच्या ताटांना पॉलिश करते, असं कळलं. मी भेटायला गेले नाही.

मी इंजिनियर झाले. नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या तिघांनी विचारलं, लहानपणी कधी काही दुरुस्त केलंय का? रेडिओ तर माझ्याकडून मोडलाच होता. मी पंख्यात अडकलेल्या अक्षतांची गोष्ट सांगितली. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या कंपासपेटीतला होता, दाणे माझ्या तळहातावर होते, असं सांगितलं. देवाच्या घशाचा तिचा विनोदही सांगितला. ते तिघेही मनापासून हसले.

नोकरी मिळाली.